पॅकेजला रिलीव्हर हवा

पहाटे ४.४५

फर्स्ट शिफ्टचा आठवडा असला की पावणेपाचला उठतो. सव्वासहाला बोईसर नाक्यावर कंपनीची बस येते आणि सातला तारापूर एमआयडीसीत हजेरी लागते. मधला तास-सव्वा तास डेबियनचा. आपल्याकडे पहाट असते तेव्हा युरोपात नुकतीच मध्यरात्र उलटलेली असते आणि अमेरिकेत संध्याकाळ सुरू झालेली असते. नोकऱ्या-कॉलेजं आटोपून कामाला बसलेल्या माणसांची पत्रं या वेळी साचलेली सापडतात.

पोटासाठी मी इन्स्ट्रुमेंटेशन टेक्निशियन आहे. प्रेशर ट्रान्समीटर, कंट्रोल व्हॉल्व्ह, कॅलिब्रेशन हे माझं काम. डेबियन ही ऑपरेटिंग सिस्टीम इयन मरडॉक या विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी जाहीर केली. उबुंटू तिच्यावर उभी आहे, रास्पबेरी पायची सिस्टीम तिच्यावर उभी आहे, सी-डॅकची बॉस लिनक्सही तिच्यावरच. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या ‘ट्रिक्सी’ आवृत्तीत जवळजवळ सत्तर हजार पॅकेजं आहेत. सॉफ्टवेअर लिहिणारा ते लिहून मोकळा होतो. पुढे ते एका आज्ञेत तुमच्या मशीनवर बसावं, त्याला लागणाऱ्या इतर गोष्टी आपोआप याव्यात, जुन्याची जागा नव्याने बिनबोभाट घ्यावी आणि काढून टाकलं तर मागे कचरा राहू नये, यासाठी जे करावं लागतं ते पॅकेजिंग. हे करणाऱ्यांना डेबियन पगार देत नाही. मतदानाचा हक्क असलेले डेव्हलपर जगभरात मिळून सुमारे हजार आहेत. त्यांच्याभोवती माझ्यासारखे इतर.

माझा दर्जा ‘डेबियन मेंटेनर’चा. २००७ मध्ये ही पायरी सुरू झाली. नेमून दिलेली मोजकी पॅकेजं मी स्वतः अपलोड करू शकतो, बाकीची नाही. त्यामुळे पालघर-बोईसर पट्ट्यातली नवी मुलं-मुली जे तयार करतात ते मी तपासतो, सुधारून घेतो आणि पूर्ण अधिकार असलेल्या डेव्हलपरकडे पाठवतो. त्याला आमच्यात स्पॉन्सर म्हणतात. आमचा एक स्पॉन्सर केरळात आहे, दुसरी जर्मनीत. माझा दिवस त्या मधल्या दुव्यावर जातो.

आज पहिलंच पत्र यंत्राचं आहे. सफाळ्याच्या एका विद्यार्थ्याचं पॅकेज काल रात्री अपलोड झालं. डेबियन तेच पॅकेज वेगवेगळ्या जातीच्या प्रोसेसरांवर बांधून बघतं. बाकी ठिकाणी ते बांधलं गेलं, फक्त ‘एस३९०एक्स’वर चाचणी नापास झाली. हे आयबीएमचे मेनफ्रेम. आपल्या लॅपटॉपमध्ये संख्येचे बाइट ज्या क्रमाने ठेवले जातात, त्याच्या उलट क्रमाने तिथे ठेवतात. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने हा फरक धरला नव्हता.

त्या मुलाने आयुष्यात मेनफ्रेम पाहिलेला नाही, मीही नाही. पण उठल्यावर लाल अक्षरातलं ‘फेल’ बघून तो घाबरणार हे मला माहीत आहे. म्हणून दोन ओळी लिहितो: “तुझं पॅकेजिंग बरोबर आहे. चूक मूळ कोडमध्ये आहे आणि ती तुझ्यामुळे सापडली. लॉगच्या शेवटून वर वाचत ये, जिथे पहिला फरक दिसेल ती ओळ मला पाठव.”

पहाटे ५.३०

उरलेल्या वेळात वाटप. पालघरहून एका मुलीने विचारलंय की तिला एक नवंकोरं सॉफ्टवेअर डेबियनमध्ये आणायचंय. नव्या माणसाला हीच हौस असते, आपल्या नावाचं पॅकेज. मी बहुतेक वेळा नाही म्हणतो. आधी एखादं जुनं, दुखावलेलं पॅकेज देतो: ज्याचा मेंटेनर थकलाय, ज्याच्यावर दोन-चार बग पडून आहेत, पण जे लोक खरंच वापरतात. जुन्यात दुसऱ्याचं काम वाचावं लागतं, त्याने असं का केलं असेल याचा विचार करावा लागतो. शिवाय जगात कुठेतरी कुणाचंतरी अडलेलं काम सुटतं आणि त्याचं आभाराचं पत्र येतं. ते पत्र माझ्या कौतुकापेक्षा फार मोलाचं असतं.

तिला देवनागरी फॉन्टच्या कामाकडे वळवतो. डेबियनमध्ये लोहित, गार्गी, नकुल, सहदेव, सम्यक असे फॉन्ट पॅकेज होऊन आहेत. लोहितचा जन्म पुण्याचा. मॉड्युलर इन्फोटेकने घडवला, रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली सर्वांना दिला. मराठी जोडाक्षर तुटलं तर ते आपल्या डोळ्याला लगेच दिसतं; जर्मनीतल्या स्पॉन्सरला दिसणार नाही. या कामात पालघरच्या मुलीचा अधिकार बर्लिनच्या प्रोग्रॅमरपेक्षा मोठा आहे, हे मी तिला स्पष्ट लिहितो.

पाठवायच्या आधी अनुत्तरित पत्रं एकदा चाळतो. पहिल्यांदा लिहिणाऱ्याला त्याच दिवशी उत्तर, हा मी स्वतःला घातलेला नियम. जुन्या माणसाला चार दिवस थांबवलं तरी तो समजून घेतो. नवा माणूस दुसऱ्या दिवसापासून मानायला लागतो की आपण काहीतरी चुकीचं विचारलं. आठवड्याभराने उत्तर आलं तर तो तिथे नसतो.

सकाळी ७ ते दुपारी ३

गेटवर मोबाइल लॉकरमध्ये जातो. ज्वलनशील द्रावणांच्या प्लांटमध्ये तो नेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. आठ तास मी डेबियनच्या दृष्टीने नाही.

हे आठ तास माझ्याविना चांगले गेले तरच मी समन्वयक म्हणून कामाचा. मी नसताना काम अडत असेल तर मी समन्वय करत नाही, वाट अडवून बसलोय. त्यामुळे आमच्या पॅकेजांच्या नोंदी साल्सावर असतात. साल्सा म्हणजे डेबियनचं स्वतःचं गिटलॅब. कुठलं पॅकेज कुणाच्या हातात आहे, कुठवर आलंय, कशामुळे थांबलंय, पुढची पायरी काय, सगळं तिथे लिहिलेलं. फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेली गोष्ट तिथे उतरवली नसेल तर ती ठरलेली नाही असं आम्ही धरतो. मुलांना सुरुवातीला याचा कंटाळा येतो. “दादा, तुम्हाला सांगितलं होतं ना,” म्हणतात. मला सांगितलं होतं, पण मी साडेअकराला टाकीवर चढून लेव्हल ट्रान्समीटरचं झीरो बघत असतो तेव्हा केरळचा स्पॉन्सर तेच पॅकेज उघडून बसलेला असतो. त्याला कोण सांगणार?

ही शिस्त मी कारखान्यातून उचलली. शिफ्ट संपली म्हणून कुणी उठून जात नाही. रिलीव्हर यावा लागतो, लॉगबुकात लिहावं लागतं: अमुक व्हॉल्व्ह बायपासवर आहे, तमुक अलार्म तपासायचा राहिलाय. येणारा ते वाचतो, सही करतो, मग जाणारा निघतो. ट्रान्समीटरशी आपली कितीही मैत्री असली तरी तो आपला नसतो, शिफ्टचा असतो. पॅकेजही तसंच.

दुपारी ३.४०

घरी आंघोळ, जेवण. जानेवारीत आमच्याकडे उकडहंडी होते. आज आईने केली होती. अर्धा तास पडतो. मग खरं काम.

दुपारी ४.३०

दिवसातला सर्वांत महत्त्वाचा तास हा. आज समोर वेबवर आलेख काढणाऱ्या एका जावास्क्रिप्ट लायब्ररीचं पॅकेज आहे, डहाणूच्या एका विद्यार्थ्याने केलेलं. आपल्या देशातल्या बऱ्याच नवख्यांनी अशाच छोट्या नोड किंवा रुबी लायब्ररींपासून सुरुवात केली आहे, कारण त्या आटोपशीर असतात आणि त्या-त्या भाषेचा चमू सांभाळून घेतो.

पॅकेज बांधलं जातंय. लिंटियन हा तपासनीसही गप्प आहे. मुलाला वाटतंय, झालं. मी मात्र ‘कॉपीराइट’ नावाची फाइल उघडतो. तिच्यात मूळ सॉफ्टवेअरमधल्या प्रत्येक फाइलचा हक्क कुणाचा आणि परवाना कोणता हे लिहायचं असतं. पहिल्यांदा डेबियनमध्ये येणारं पॅकेज एका रांगेत थांबतं आणि माणसं, यंत्र नव्हे, ते उघडून हे सगळं वाचतात. ही रांग कधी काही दिवसांची असते, कधी काही महिन्यांची. तिथून पॅकेज परत आलं तर पुन्हा रांगेच्या शेवटी. मुलगा सहाव्या सेमिस्टरमध्ये असताना पाठवलेली गोष्ट सातव्या सेमिस्टरमध्ये परत येते आणि तोवर त्याचं मन उडालेलं असतं. म्हणून माझा हा एक तास त्याचे काही महिने वाचवतो.

आणि सापडतंच. लायब्ररीच्या पोटात एक ‘मिनिफाय’ केलेली फाइल आहे: सगळी मोकळी जागा काढून, नावं आखडून एका ओळीत दाबलेला कोड. यंत्राला चालतो, माणसाला वाचता येत नाही. डेबियनमध्ये हे चालत नाही. ज्या रूपात माणूस बदल करायला बसेल ते रूप सोबत असलंच पाहिजे, ते नसेल तर वापरणाऱ्याचं स्वातंत्र्य कागदावरच राहिलं. शिवाय दुसऱ्या एका फोल्डरमध्ये तिसऱ्याच कुणाचीतरी चित्रं आहेत, त्यांना परवानाच नाही.

दाबलेली फाइल काढून तिच्या जागी डेबियनमध्ये आधीच असलेलं पॅकेज जोडायला मला दहा मिनिटं लागतील. ते लिहून समजवायला तास जातो. तरी लिहितोच. मी दुरुस्त केलं तर पॅकेज सुधारेल. त्याने दुरुस्त केलं तर पुढच्या पॅकेजमध्ये तो हे माझ्याआधी पकडेल, आणि वर्षभराने दुसऱ्याचं पकडेल.

लिहिताना एक गोष्ट कटाक्षाने पाळतो: सगळे दोष एकाच वेळी सांगायचे. आज तीन, ते दुरुस्त केल्यावर नवे दोन, मग आणखी एक, असं हप्त्याहप्त्याने सांगितलं तर प्रत्येक फेरीला मुलाचा एक रविवार जातो. स्वयंसेवकाकडे पैसा मागत नाही आपण, त्याचे रविवार मागतो. ते उधळायचा हक्क तपासणाऱ्याला नाही. आणि यादीत वेगळं करून लिहितो की यातलं काय केल्याशिवाय अपलोड होणार नाही आणि काय माझी आवड आहे. चांगल्या-चांगल्या परीक्षकांकडून हे राहतं, आणि नवा माणूस त्यांच्या आवडीनिवडी नियम समजून पाळत बसतो.

संध्याकाळी ५.५०

बोईसर स्टेशन. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल आली, त्याने आमच्यासारख्यांचं भलं झालं. तरी एक गाडी चुकली की पुढचीला बराच वेळ थांबावं लागतं. उमरोळी, मग पालघर.

संध्याकाळी ६.१५

पालघरला एका क्लासची खोली संध्याकाळी मोकळी मिळते. याच गावात सेंट जॉन अभियांत्रिकी महाविद्यालयात २०२२ मध्ये मिनी डेबकॉन्फ भरलं होतं. पुढच्या वर्षी सप्टेंबरात कोचीला भारतातलं पहिलं डेबकॉन्फ झालं, पण आमच्या जिल्ह्यात ही माणसं त्याआधीच येऊन बसली होती. आदिवासी पाडे, मच्छीमार बंदरं आणि केमिकल कारखान्यांचा हा जिल्हा २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा झाला. इथल्या मुलांना असं वाटू नये की सॉफ्टवेअर पवईत किंवा हिंजवडीतच होतं.

जमलेल्यांपैकी बहुतेकांचे लॅपटॉप जुने, चार जीबीवाले, आणि इंटरनेट मोबाइलचं. पॅकेज स्वच्छ वातावरणात बांधून बघायचं तर दर वेळी शेकडो एमबी उतरवावे लागतात. एका जुन्या डेस्कटॉपवर मी अ‍ॅप्ट-कॅशर बसवलंय. एकाने उतरवलेलं पॅकेज तिथे राहतं, बाकीच्यांना ते खोलीतल्या खोलीत मिळतं. समन्वय म्हटलं की लोकांना बैठका आठवतात. माझ्या अनुभवात या डेस्कटॉपने जितकी माणसं टिकवली तितकी कुठल्याही भाषणाने टिकवली नाहीत.

आज एकाला लिंटियनचा इशारा बंद करायचा होता. “दादा, हे ओव्हरराइड केलं की निघून जातं.” जातं खरं. त्यावरून त्यांना २००८ सालची गोष्ट सांगितली. ओपनएसएसएल हे सुरक्षेचं मूळ सॉफ्टवेअर. २००६ मध्ये डेबियनच्या पॅकेजमध्ये एका तपासणी साधनाचा इशारा घालवण्यासाठी काही ओळी काढल्या गेल्या. हेतू स्वच्छ होता, मूळ लेखकांच्या ईमेल यादीवर विचारणाही झाली होती. पण त्या ओळींबरोबर गुप्त किल्ल्यांमधला यादृच्छिकपणा जवळजवळ संपला. एका प्रकारच्या मशीनवर एका मापाच्या किल्ल्या फक्त ३२,७६८ प्रकारच्याच होऊ शकत होत्या. सगळ्या करून ठेवल्या की जगातलं कुठलंही तसं कुलूप उघडलं. मे २००८ मध्ये अर्जेंटिनाच्या लुसियानो बेलो या डेव्हलपरने ते शोधलं आणि जगभरच्या प्रशासकांना किल्ल्या बदलाव्या लागल्या. जवळजवळ दोन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग त्याच मुलाने विचारलं, “मग ओव्हरराइड कधीच करायचं नाही?” करायचं, पण का केलं हे शेजारच्या ओळीत लिहून, म्हणजे पुढचा माणूस ते तपासू शकेल. त्याने कारण लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता त्याच्याच लक्षात आलं की इशारा खरा आहे.

साडेसातच्या सुमारास एकीचा फोन वाजला. डेबियनच्या संग्रहात नवी पॅकेजं दिवसातून चार वेळा घेतली जातात, त्यातली एक वेळ आपल्याकडे संध्याकाळी येते. तिची दुरुस्ती ‘अनस्टेबल’ या पहिल्या टप्प्यात दाखल झाली होती. काही बिघडलं नाही तर साधारण पाच दिवसांनी ‘टेस्टिंग’ या पुढच्या टप्प्यात जाईल. चेंजलॉगमध्ये तिचं नाव आहे. तिने तो दुवा आधी घरी पाठवला.

रात्री ८.५०

बोईसरला परत. जेवण.

रात्री ९.३०

जित्सीवर व्हिडिओ बैठक. केरळचा स्पॉन्सर, चेन्नईची एक जण, आमच्यातले तिघे-चौघे. आजचा विषय अवघड आहे. वाणगावच्या एका मुलीने परवा लिहिलं, “दादा, मला आता जमणार नाही. पुण्याला नोकरी लागली. पण पॅकेजं कुणावर टाकू?” पत्रभर माफी मागितली होती. ती तीन वर्षं पॅकेजं सांभाळते आहे आणि एका शब्दाने कधी तक्रार केली नाही.

माफी मागायची पाळी तिच्यावर येऊ नये, हे माझं काम होतं. डेबियनमध्ये सोडून जाण्याच्या रीतसर वाटा आहेत: कुणीतरी हे दत्तक घ्या अशी विनंती नोंदवायची, किंवा ‘अनाथ’ म्हणून जाहीर करायचं. दोन्हींत कमीपणा नाही. कमीपणा नव्हे, धोका असतो तो गप्प राहण्यात. मेंटेनरच्या जागी नाव तसंच राहतं, बाहेरच्याला वाटतं कुणीतरी बघतंय, आणि बघत कुणीच नसतं.

इथे मी एक्सझेडचं उदाहरण काढतोच. फायली आकुंचित करणारी ही छोटी लायब्ररी जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असते. लासे कॉलिन हा एकटा माणूस ती वर्षानुवर्षं सांभाळत होता. तो थकलेला होता, तसं त्याने उघड लिहिलंही होतं. ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी मदतीला आलं, दोनेक वर्षं चांगलं काम केलं, विश्वास मिळवला. त्याच सुमारास अनोळखी नावांनी कॉलिनवर दबाव येत होता की तू हळू आहेस, दुसऱ्याला हक्क दे. हक्क मिळाले. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा होता. डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबलपर्यंत तो पोचला, स्थिर आवृत्तीपर्यंत पोचला नाही. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला दूरस्थ लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, तो मुळापर्यंत गेला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने ते जगासमोर मांडलं.

लोक यातून नव्या माणसावर संशय घ्यायला शिकतात. मी वेगळं शिकलो. कॉलिनच्या बाजूला विश्वासाची आणखी दोन माणसं असती तर त्याला थकल्यावर थांबता आलं असतं, आणि दबाव टाकणाऱ्यांना उत्तर द्यायला तो एकटा राहिला नसता. एकट्याच्या हातातलं पॅकेज हीच फट आहे. तिथून वाईट माणूस आत शिरला तर बातमी होते. चांगला माणूस त्याच फटीतून थकून बाहेर पडतो, त्याची बातमी होत नाही.

तासाभरात ठरलं. वाणगावच्या मुलीची दोन पॅकेजं भाषेच्या चमूकडे जातील, तिथे कुणीही ‘टीम अपलोड’ करू शकतं. तिसरं फारसं कुणी वापरत नाही, मूळ लेखकानेही सोडून दिलंय. ते डेबियनमधून काढायची विनंती ती स्वतःच करेल. तिला हे वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण तीच म्हणाली, “ते ठेवून काय करायचं?” काढून टाकायचा निर्णय घेणारा मेंटेनर मला दहा पॅकेजं आणणाऱ्याइतकाच जवळचा वाटतो. चौथं, शुद्धलेखन तपासणीचं, सफाळ्याचा तो मेनफ्रेमवाला मुलगा घेईल. पुढचं अपलोड दोघं मिळून करतील, त्यानंतरचं तो एकटा करेल आणि ती फक्त बघेल.

त्यासाठी त्याला स्वतःचे हक्क लागतील आणि हक्कांसाठी त्याच्या जीपीजी किल्लीवर, म्हणजे त्याच्या डिजिटल सहीच्या किल्लीवर, निदान एका डेव्हलपरची सही. ही सही इंटरनेटवरून मिळत नाही. समोरासमोर भेटून, सरकारी ओळखपत्र दाखवून, किल्लीचा ठसा अक्षर-अक्षर वाचून ती घ्यायची असते. आपल्या भागात डेव्हलपर राहत नाही. केरळचा स्पॉन्सर रविवारी कामानिमित्त मुंबईत आहे, दादरला दुपारी वेळ देईन म्हणाला. सफाळ्याहून आणि डहाणूहून दोघांना घेऊन मी जाणार. ठसे छापील कागदावर आणा, फोनच्या पडद्यावर नकोत, एवढं आजच कळवलं.

रात्री १०.५०

संध्याकाळपासून एक नवं पत्र पडलंय. विक्रमगडची मुलगी, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. लिहिते, “सर, मला प्रोग्रॅमिंग फार येत नाही, तरी मी काही करू शकते का?” चित्रं-परवाने तपासणं, मराठी भाषांतरातल्या चुका शोधणं, जुन्या बगांपैकी कुठले अजून खरे आहेत हे करून बघणं, अशी तीन कामं तिला लिहिली. प्रत्येकाला लागणारा वेळही लिहिला, कारण तो आधी कळला तर माणूस खोटं आश्वासन देत नाही. खाली डहाणूच्या विद्यार्थ्याचं नाव दिलं, त्याच्या परवानगीने: परवान्यांचं काम तो नुकतंच शिकलाय, त्याला विचार. “मी उद्या सात ते तीन प्लांटमध्ये असेन, तेव्हा उत्तर देऊ शकणार नाही. तोवर तो देईल.”

आणि ‘सर’ नको, एवढंही शेवटी लिहिलं.